सतरा गायींचा पाहुणा

आमच्या कुलीगा गावात एखाद्या बाईच्या हाताला चव आहे की नाही हे तिच्या नवऱ्याला विचारून कळायचं नाही. नवरे भ्यायचे. त्यासाठी साव्वातीकडे जावं लागे. तोही तोंडानं काही सांगायचा नाही, त्याच्या हाताकडे बघावं लागे.

साव्वाती येरेमेयिच आमचा गुराखी. एकतीस वर्षं त्यानं गावाची गुरं राखली आणि त्या एकतीस उन्हाळ्यांत स्वतःच्या घरी चूल पेटवली नाही. आमच्याकडे रीतच तशी आहे, एका गाईमागे एक दिवस. ज्याच्या घरी एक गाय, त्यानं गुराख्याला एक दिवस सांभाळायचं. सकाळची लापशी, रानात न्यायची शिदोरी आणि संध्याकाळचं पोटभर जेवण. दोन गायी असल्या तर दोन दिवस. मी सांगतोय त्या वर्षी गावात सतरा गायी होत्या. म्हणजे एका घरी जेवला की पुन्हा त्या घराची पाळी सतरा दिवसांनी.

त्यानं कधी कुणाच्या अन्नाला नावं ठेवली नाहीत. पण त्याची तीन मापं होती आणि ती गावातल्या कोंबड्यांनासुद्धा पाठ होती. जेवण बेताचं असलं तर उठताना म्हणायचा, "पोट भरलं." बिघडलेलं असलं तर जरा विचार करून म्हणायचा, "गरम होतं." खोटं बोलायची सवय नव्हती बिचाऱ्याला. ज्या अन्नात दुसरा कुठलाच गुण नाही, त्यातला उरलेला एक तो शोधून काढायचा. आणि जेवण खरोखर जमलेलं असलं तर मुळीच बोलायचा नाही. त्याचा उजवा हात आपसूक कमरेच्या पट्ट्याकडे जायचा, गाठ सैल करायला, आणि बोट लागताच चटका बसल्यासारखा मागे यायचा. ज्या बाईच्या घरी हात पट्ट्याला गेला, ती दुसऱ्या दिवशी विहिरीवरून दोन बादल्या जास्त पाणी न्यायची. पाण्याची गरज नसायची, विहिरीवर चार बायका भेटतात म्हणून.

"गरम होतं" हा मान बहुतेक कापितोलिनाकडे असायचा. कापितोलिना अक्सेनोव्ना म्हणजे भरभक्कम बाई, आवाज देवळातल्या घंटेचा, आणि कोबीचं सूप असं करायची की त्यातला कोबी आपण कुठं येऊन पडलो म्हणून रडेल. त्यात तिच्या गायी दोन, बूर्या आणि बारीन्या. म्हणजे लागोपाठ दोन दिवस. तिसऱ्या दिवशी साव्वाती गुरं हाकत निघाला की गायींपेक्षा त्याचेच डोळे जास्त केविलवाणे दिसायचे.

एकदा तिनं त्याला दारात अडवलं. "काय रे, दोन दिवस ओतून ओतून वाढलं, आणि पट्ट्याला एकदाही हात नाही?"

"कापितोलिना अक्सेनोव्ना," तो म्हणाला, "पट्टा आपोआपच सैल झालाय."

आता पट्टा तो का सोडायचा नाही, ते. मे महिन्यात येगोरच्या सणाला आम्ही गुरं पहिल्यांदा बाहेर काढतो. त्या दिवशी साव्वाती देवाची तसबीर छातीशी धरून कळपाभोवती तीन फेऱ्या घालायचा, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायचा, एक जुनं लोखंडी कुलूप खटकन लावायचा आणि ते रानात एका झाडाच्या मुळाखाली लपवायचा. कुलूप बंद, की अस्वलाचं तोंड बंद आणि कळप एका जागी. ते उघडायचं थेट पोक्रोवला, ऑक्टोबरच्या मध्यावर, बर्फ पडायच्या बेताला. पण रानाशी असा करार केला की माणसाच्या मागे पथ्यं लागतात. केस-दाढी कापायची नाही. फांदी मोडायची नाही. रानबेरी तोडायची नाही. डास चावला तरी मारायचा नाही, फुंकर घालायची. कुणाशी हात मिळवायचा नाही. चारचौघांत पट्ट्याची गाठ सोडायची नाही. आणि बाईमाणसाला बोटसुद्धा लावायचं नाही.

आमचं गाव काही अडाणी नाही. घरोघरी टीव्ही होता. असल्या गोष्टींवर कुणाचा विश्वास नव्हता, फक्त मोडून बघायची कुणाची छाती नव्हती. एकतीस वर्षांत अस्वलानं आमची एक गाय नेली नाही. नदीपलीकडच्या गावात गुराखी शिकलेला होता, तिथल्या चार नेल्या.

या पथ्यांमुळेच साव्वाती बावन्न वर्षांचा होईतो बिनलग्नाचा राहिला. येगोरपासून पोक्रोवपर्यंत बाईच्या वाटेला जायचं नाही. पोक्रोवपासून येगोरपर्यंत जाता येतं, पण तेव्हा छातीएवढं बर्फ असतं आणि त्याचं घर ओढ्याच्या पार टोकाला. हिवाळ्यात प्रेम करायचं म्हणजे आधी फावडं घेऊन वाट उकरायची. तो दोन-चार वेळा निघालाही असेल, पण वाट अर्धी होईपर्यंत येगोर यायचा.

आणि वाट कुणाच्या दाराकडे उकरायची, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. फाइनाच्या. फाइना कुझ्मिनिच्ना तेव्हा माझ्या समोरच राहायची. अठ्ठेचाळिशीची विधवा, अंगानं सडसडीत, जिभेनं त्याहून. तिची गाय एकच, मार्ता नावाची. म्हणजे साव्वातीच्या नशिबी तिथं सतरा दिवसांत एक जेवण. बटाट्याचा मऊ लगदा घालून भट्टीत भाजलेल्या तिच्या शांगी, अख्खा मासा पोटात घेऊन फुगलेली पोळी आणि पिंपातल्या खारवलेल्या काकड्या. तिच्याकडे त्याचा हात एका जेवणात दोनदा पट्ट्याला जायचा. शेवटची शांगी तो उभा राहून खायचा, बसून जागा उरायची नाही.

सगळं असं रुळलेलं होतं. आणि त्या उन्हाळ्यात एदुआर्द आला.

आमच्याकडे दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुकानाची गाडी येते. पाव, साखर, साबण, काड्यापेट्या. जुना ड्रायव्हर गेला आणि त्याच्या जागी हा. एक सोन्याचा दात, डोक्याला चोपडलेलं सुगंधी तेल, बूट असे की आमच्या चिखलात पाय टाकण्याआधी तो आभाळाकडे बघायचा. पहिल्याच दिवशी त्यानं साव्वातीपुढे हात केला. साव्वातीनं दोन्ही हात पाठीमागे नेले. "मला चालत नाही," तो म्हणाला. एदुआर्दला वाटलं, याला खरूज आहे. त्यानं आपलाच हात रुमालाला पुसला.

जुलैत त्यानं फाइनाला दोन लिंबं दिली. फुकट. ऑगस्टमध्ये आटवलेल्या दुधाचा डबा. ज्या बाईच्या दारात गाय बांधलेली आहे तिला दुधाचा डबा देणारा माणूस म्हणजे एकतर मूर्ख किंवा प्रेमात. माझी बायको ग्लाफिरा म्हणाली, दोन्ही असू शकतो. महिनाअखेरीस त्यानं गाडीच्या पायरीवर उभं राहून तिला लग्नाचं विचारलं. तालुक्याच्या गावी खोली आहे म्हणाला, नळ आहे, चूल पेटवावी लागत नाही, गाय विकून टाक आणि चल.

फाइना म्हणाली, "पोक्रोवला सांगते." आमच्याकडे लग्नं पोक्रोवलाच ठरतात, त्यामुळे यात नवल नव्हतं. पण हे बोलताना तिनं गाडीकडे बघितलं नाही, रानाकडे बघितलं. हे मी माझ्या खिडकीतून पाहिलं. खिडकी पुसत होतो.

साव्वातीला ही बातमी कापितोलिनाच्या टेबलावर कळली, म्हणजे वाईट सूप आणि वाईट बातमी एकाच वाडग्यातून. दुसऱ्या दिवशी दुपारी तो माझ्या कुंपणापाशी आला. गळ्यात वाजवायची फळी, दाढी बरगडीपर्यंत आलेली, नाकावर दोन डास आरामात बसलेले.

"अवेर्की," तो म्हणाला, "पोक्रोव कधी आहे?"

"चौदाला. तुला माहीत नाही होय?"

"माहीत आहे. तू सांगितलंस तर लांब वाटेल म्हणून विचारलं." मग त्यानं बोटांवर मोजून हिशोब सांगितला. फाइनाकडची पाळी पंचवीस ऑगस्टला होऊन गेली. पुढची अकरा सप्टेंबर, मग अठ्ठावीस, मग पंधरा ऑक्टोबर. "पंधरा, अवेर्की. पोक्रोवच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे माझ्याकडे दोनच जेवणं आहेत."

"मग बोल की तिच्याशी."

"कधी?"

"जेवताना."

"जेवताना तोंड भरलेलं असतं."

"मग जेवणाआधी."

"आधी भूक लागलेली असते. भुकेला माणूस काहीही बोलतो, ती कशाला खरं मानेल."

"मग जेवणानंतर बोल, बाबा."

त्यानं एका डासावर हळूच फुंकर घातली. "तिच्या शांगीनंतर, अवेर्की, माणसाला आणखी काही मागावं असं वाटतच नाही."

अकरा सप्टेंबर उजाडली. त्या संध्याकाळी फाइनाकडे काय झालं ते मला तंतोतंत माहीत आहे, कारण माझी ग्लाफिरा नेमकी तेव्हाच चाळण मागायला गेली होती. आमच्याकडे तीन चाळणी आहेत, पण ते असो. साव्वाती दाढीला पाणी लावून आला होता. त्यामुळे ती नेहमीसारखी गवतासारखी न दिसता ओल्या गवतासारखी दिसत होती. फाइनानं नवा रुमाल बांधला होता. माशाची पोळी, शांगी, काकड्या, सगळं मांडलं. तो जेवला. तिच्याकडे चुकून हात जाऊ नये म्हणून दोन्ही हातांनी टेबलाची कड घट्ट धरून, एकेक घास घ्यायला तेवढा एक हात सोडत. त्यामुळे पट्ट्याकडे हात जायला हातच मोकळा नव्हता.

फाइना समोर बसली. "मग, साव्वाती येरेमेयिच? कसं झालंय?"

बातमी कळल्यापासून त्यानं एक वाक्य तयार केलं होतं. ते नंतर त्यानंच मला सांगितलं. "फाइना कुझ्मिनिच्ना, माझ्या घराचं छत गळत नाही," असं ते वाक्य होतं. त्यानं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, आणि एकतीस वर्षांची सवय बाहेर पडली.

"गरम होतं," तो म्हणाला.

ग्लाफिरा सांगते, भट्टीवरच्या मांजरानंसुद्धा डोळे उघडले.

फाइना सावकाश उठली. त्याच्यापुढची ताटली उचलली. तिच्यात अर्धी शांगी होती, तीही उचलली. "असं का," ती म्हणाली. "मग पुढच्या खेपेला गार करून वाढीन. वाट बघ."

दिवेलागणीच्या आत गावाला कळलं. कापितोलिना मुद्दाम चार घरं ओलांडून आली आणि फाइनाला मिठी मारून म्हणाली, "मनाला लावून घेऊ नकोस गं. मला बावीस वर्षांची सवय आहे." यानं फाइना जास्तच भडकली. दुसऱ्या दिवशी तिनं कणीक अशी तिंबली की माझ्या खिडकीची काच थरथरली. शुक्रवारी एदुआर्दला हे सगळं पावाच्या रांगेत कळलं आणि त्याचा सोन्याचा दात दिवसभर झाकला गेला नाही.

त्यानंतर तीन दिवसांनी फाइना अळंबी वेचायला रानात गेली. परत आली तेव्हा टोपलीत अळंबी आणि अळंबीखाली एक लोखंडी कुलूप. ते तिनं सरळ आपल्या फाटकाच्या कडीला लटकवलं.

ग्लाफिरा आमच्या फाटकातून ओरडली, "अगं फाइना, ते साव्वातीचं आहे. गुरांचं."

"त्याच्यावर नाव लिहिलंय का?"

"कुठं सापडलं?"

"मुळाखाली. चांगलं कुलूप असं मुळाखाली कुजवतात का कुणी?"

ती जागा गुप्त होती हे खरं. पण एकतीस वर्षं माणूस एकाच झाडाकडे गुपचूप गेला तर तिथवर पायवाट पडते. गावातल्या लहान पोरांनासुद्धा ती ठाऊक होती.

त्या संध्याकाळी गुरं परतली. नेहमी काय होतं, साव्वाती फळी वाजवत मागे, गायी पुढे, आणि आपापलं घर आलं की एकेक गाय आपापल्या फाटकात वळते. त्या दिवशी एकही वळली नाही. सतराच्या सतरा गायी सगळं गाव ओलांडून फाइनाच्या घरापाशी आल्या, कुंपणाला तोंडं लावून ओळीनं उभ्या राहिल्या आणि फळ्या चाटायला लागल्या. हलवाव्यात तर हलेनात. कापितोलिना बारीन्याची शेपटी धरून मागे ओढत होती आणि बारीन्या कुंपण चाटत तिलाच पुढे ओढत होती.

"काढ ते कुलूप," कापितोलिना साव्वातीवर ओरडली. "तुझ्या कुलपाकडे आल्यात त्या."

साव्वातीचा चेहरा दाढीतून दिसत होता तेवढा पांढरा पडला होता. "मला हात लावता येत नाही. मी ठेवलं तिथून दुसऱ्यानं उचललं, तर मग पोक्रोवपर्यंत ते जिथं असेल तिथंच राहायला हवं. नाहीतर..."

"नाहीतर काय?"

"माहीत नाही. माझ्या आजोबांनी 'नाहीतर' इतकंच सांगितलं होतं."

"मी काढू का मग?" फाइनानं फाटकाच्या आतून शांतपणे विचारलं.

सगळं गाव एका आवाजात 'नको' म्हणालं. कुणाचाच विश्वास नव्हता असल्या गोष्टींवर, पण नको.

बायका बादल्या घेऊन आल्या आणि फाइनाच्या कुंपणापाशीच गायींच्या धारा काढायला बसल्या. चाटून चाटून गायींचं समाधान झालं तेव्हा कुठं दोराला धरून एकेकीला घरी नेलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी विहिरीपाशी गाव जमलं आणि कापितोलिनाला आयुष्यातली एकमेव हुशार कल्पना सुचली.

"रीत काय आहे?" ती म्हणाली. "ज्याच्या दारी गाय, त्याच्या घरी गुराखी. आता सगळ्या गायी कुणाच्या दारी उभ्या असतात? फाइनाच्या. मग गुराख्याला रोज जेवू घालायचं कुणी? मी का म्हणून दोन दिवस सूप आटवू?"

प्रत्येकीनं मनातल्या मनात आपला एक दिवस वाचलेला पाहिला. कुणीही वाद घातला नाही. साव्वातीनं जमिनीकडे बघितलं. फाइनानं हाताची घडी घातली, एक मोठा सुस्कारा सोडला आणि म्हणाली, "गावाचा निर्णय आहे. मी एकटी काय करणार." असला खोटा सुस्कारा मी तिच्या नवऱ्याच्या हयातीतही ऐकला नव्हता.

तेव्हापासून साव्वाती रोज तिच्याकडे जेवायला लागला. हात रोज दोनदा पट्ट्याला जायचा. रविवारी तीनदा. पण बोलायचं नाव नाही. टेबलाची कड धरायचा, जेवायचा, मान लववायचा, जायचा.

एदुआर्दचे हाल वेगळेच. संध्याकाळी त्याची गाडी आली की फाइनाच्या घरापुढे सतरा गायींची भिंत. तो भोंगा वाजवायचा, गायी मागे वळूनही बघायच्या नाहीत. एका मंगळवारी तो खाली उतरला, पेटीत बांधलेली लिंबं डोक्यावर धरून गायींमधून वाट काढायला लागला. पहिला बूट शेणात गेला. दुसरा वाचवायला तो बूर्याच्या पाठीला टेकला, आणि बूर्यानं त्याच्या डोक्यावरचं तेल मानेपासून कपाळापर्यंत एका जिभेत साफ केलं. लिंबं मार्तानं खाल्ली. फाइनाची गाय, तेव्हा तसं बघितलं तर भेट पोचली.

आता मी जात्याच चौकस. कुलूप गायींना बोलावतं हे मला पटेना, कारण गायी कुलपाकडे ढुंकून बघत नव्हत्या. त्या चाटत होत्या फळ्या. एका दुपारी गल्लीत कुणी नाही असं बघून मी रस्ता ओलांडला, कुंपणाला वाकलो आणि एक फळी चाटली.

"अवेर्की," मागून ग्लाफिरा म्हणाली. "तू पण?"

फळी खारट होती. नुसती खारट नाही. शेपू, लसूण आणि आणखी काहीतरी, ओळखीचं. मी सरळ फाइनाच्या अंगणात गेलो. ती पिंपातून तांब्यानं काकड्यांचं खारं पाणी काढत होती.

"फाइना, तुझ्या जादूला शेपूचा वास येतो."

तिनं तांब्या खाली ठेवला. "तुझ्या नाकाला कुणी आमंत्रण दिलं होतं?"

"नाकाला नाही, जिभेला. तू याच्यावर रागावली होतीस ना? मग रोज त्याला जेवू घालायला एवढा खटाटोप?"

"रागावले होते. तीन दिवस." ती ॲप्रनला हात पुसत बसली. "मग विचार केला. बावीस वर्षं कापितोलिनाला 'गरम होतं' म्हणताना त्याचा हात कधी थरथरला नाही. त्या दिवशी माझं टेबल हलत होतं. पण नुसत्या टेबलावरून लग्न करायचं का मी? सतरा दिवसांतून एकदा येणारा माणूस, त्याची काय पारख होणार? नवरा करायचा तर तो रोज कसा जेवतो हे बघायला नको?"

"मग बघितलंस ना? आता विचार त्याला."

"मी विचारणार नाही. त्यानं बोलायचं. पोक्रोवपर्यंत बोलला नाही तर मी गाडीत बसून जाणार. मी आणखी एक हिवाळा त्या वाटेकडे बघत बसणार नाही, कधी फावड्याचा आवाज येतो म्हणून." मग तिनं माझ्याकडे बोट रोखलं. "आणि तू. कुणाला बोललास तर ग्लाफिराला सांगेन, मेच्या सणाला सॉसेज कुणी खाल्लं ते."

मला, अवेर्कीला, चोवीस दिवस तोंड बंद ठेवावं लागलं. अस्वलाचं ठीक आहे, त्याला बोलायची सवय नसते. मला पुरळ उठलं. रोज संध्याकाळी मी साव्वातीच्या वाटेत उभा राहून नुसता खाकरायचो. तो म्हणायचा, "थंडी सुरू झाली, अवेर्की, गळा जप." इकडे फाइनाचं पिंप तळाला लागत चाललं होतं.

पोक्रोव उजाडला. त्या वर्षी तो नेमका गाडीच्या वारी आला. बर्फाचे चार कण उडत होते. सगळं गाव फाइनाच्या फाटकापाशी. गायी कुंपणापाशी. रस्त्याच्या कडेला एदुआर्दची गाडी, इंजिन चालू, आणि तो स्वतः सुटात, डोक्यावर टोपी. बूर्यापासून तो टोपी घालायला शिकला होता. फाइना फाटकाच्या आत उभी. पायरीवर एक बांधलेली पेटी होती. ती मी पाहिली. साव्वातीनंही पाहिली.

त्यानं गळ्यातली किल्ली काढली, कुलपात घातली आणि फिरवली. किल्ली फिरली नाही. पुन्हा फिरवली. दोन्ही हातांनी फिरवली. कुलूप जाम. सगळं गंजलेलं, लाल पापुद्रे आलेले. एका महिन्यात लोखंड असं गंजलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"उघडत नाही," साव्वाती हळूच म्हणाला. कुलूप उघडल्याशिवाय पथ्यं सुटत नाहीत, हे सगळ्यांना कळत होतं.

एदुआर्द हसला. "म्हणजे ही दाढी आता पुढच्या पोक्रोवपर्यंत. फाइनोच्का, चल, चिखल व्हायच्या आत निघू."

फाइनाचा चेहरा उतरला. आपणच ओतलेल्या पाण्यानं कुलूप खाल्लं हे तिच्या ध्यानात आलं होतं. "साव्वाती येरेमेयिच," ती म्हणाली, "ते कुलूप, मी..."

तेवढ्यात साव्वातीनं किल्लीच्या भोकातला गंज बोटानं खरवडला. आणि एकतीस वर्षं दारोदार जेवलेल्या माणसाच्या बोटाला जे लागतं ते जिथं जातं तिथंच ते गेलं. जिभेवर. तो थांबला. डोळे मिटले.

"शेपू," तो म्हणाला.

गाव पुढे सरकलं.

"लसूण. भरपूर नाही, अर्धी पाकळी, ठेचून. मीठ जाड."

"माझं आहे का?" कापितोलिनानं आशेनं विचारलं.

"तुमच्या पिंपात मीठ विसरलेलं असतं, कापितोलिना अक्सेनोव्ना." त्यानं पुन्हा बोट लावलं. सगळ्यात शेवटी जे सापडलं त्यानं त्याच्या दाढीचं टोक हललं. "आणि चेरीचं पान."

चेरीचं झाड गावात एकच आहे. फाइनाच्या नवऱ्यानं लावलेलं, आमच्या थंडीत त्याला आजवर एक फळ धरलेलं नाही, पानं तेवढी येतात. सगळ्यांच्या माना आधी त्या झाडाकडे, मग कुंपणाकडे, मग सतरा चाटणाऱ्या जिभांकडे आणि शेवटी फाइनाकडे वळल्या. गुरं बिचारी महिनाभर खाल्ल्या मिठाला जागत होती, आणि आम्ही त्याला जादू म्हणत होतो. मी दीर्घ श्वास घेतला. चोवीस दिवसांनी.

फाइना लाल झाली होती, पण तिनं मान खाली घातली नाही.

"फाइना कुझ्मिनिच्ना," साव्वाती म्हणाला, "माझ्या घराचं छत गळत नाही."

कुणाला काही कळलं नाही. त्याला एवढ्यावर थांबता आलं असतं, पण आता तोंड रिकामं होतं आणि भूकही लागलेली नव्हती. तो बोलतच गेला. "तळघर कोरडं आहे. पिंप ठेवायला जागा आहे, दोन पिंपं राहतील. शांगीला भट्टी लहान पडेल, ती मी वाढवून घेईन. त्या दिवशी ते गरम नव्हतं. म्हणजे गरम होतं, पण ते मला म्हणायचं नव्हतं. सतरा दिवसांत एकदा जेवून माणूस जगतो, मी जगलो. पण हा महिना गेल्यावर आता मला ते जमायचं नाही."

मग त्यानं माझ्या हातातली कुऱ्हाड घेतली. मी ती कशाला आणली होती ते विचारू नका, पोक्रोवला काहीही लागू शकतं. उलट्या बाजूनं एक घाव घातला. कुलूप तुटून खाली पडलं. आणि मग, सगळ्या गावासमोर, सावकाश, त्याचा उजवा हात पट्ट्याकडे गेला. या वेळी मागे आला नाही. गाठ सुटली. पट्टा सैल झाला.

ग्लाफिरानं तोंडावर हात धरला. कापितोलिना म्हणाली, "बावीस वर्षं." एवढंच.

फाइना पट्ट्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आधी दाढी कर, मग बघू. आणि आत ये. सूप ठेवलंय."

"कसं आहे?" मी विचारलं, मला राहवलं नाही.

"गरम आहे," ती म्हणाली, आणि पायरीवरची पेटी पायानं आत सरकवली. पेटीत नंतर बघितलं तर पिंपासाठी आणलेलं मीठ होतं. तिनं मला कधी सांगितलं नाही की ती खरंच गाडीत बसणार होती की नाही. मी दोनदा विचारलंय. सॉसेजचा विषय काढते.

एदुआर्दचं इंजिन अजून चालूच होतं. कापितोलिनाला त्याची दया आली. तिनं त्याला घरी नेऊन सूप वाढलं आणि कसं झालंय म्हणून विचारलं. तो शहरी माणूस, म्हणाला, "अप्रतिम." जन्मात तिला कुणी हे म्हटलं नव्हतं. आता दर मंगळवारी आणि शुक्रवारी ती गाडीची वाट अडवून वाडगा घेऊन उभी असते, आणि तो एका शब्दाची शिक्षा दोन वाडग्यांत भोगतो.

साव्वातीचं लग्न झालं तरी पुढच्या मेमध्ये रीत काही बदलली नाही. नवं कुलूप फाइनानंच विकत आणलं. घरी बायको असताना त्यानं दारोदार कशाला जेवावं, असं कुणीतरी म्हणालं, तर फाइनाच म्हणाली, "पाळी म्हणजे पाळी. दोन दिवस कापितोलिनाकडे जेवून आला की माणूस घरी नीट जेवतो." तो जातो. उठताना जरा विचार करतो, आणि ठरलेलं म्हणतो.

गायी अजून फाइनाच्या जुन्या कुंपणापाशी थबकतात. खारेपणा लाकडात मुरलाय. ग्लाफिरा घरात नसली की मीही थबकतो.